अंधारात चालीवरून माणूस कसा ओळखतो, आणि कोंबडीच्या पिल्लाला ते कोण शिकवतं?

गोव्यातल्या साखळी गावाहून एका ताईंनी विचारलंय की रात्री वीज गेलेली असते, वाड्यावर समोरून कोणीतरी चालत येतं, तोंड दिसत नाही, कपडे दिसत नाहीत, तरी "हा आमचाच भाऊ" हे लांबूनच कसं काय कळतं? आमचा कुत्रा पण असाच ओळखतो का? आणि अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू बरोबर कोंबडीच्या मागे कसं लागतं, त्याला कोण शिकवतं?

तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत म्हणून एकत्रच उत्तर देतो, जरा लांबेल. मी प्राणिशास्त्र शिकवतो, प्राण्यांचं वर्तन हा माझा विषय, आणि मुलांना घेऊन कुळागरांत (सुपारी-नारळाच्या बागांत), खाजनांत (खाडीकाठच्या खारट शेतजमिनींत), मोलेंच्या रानात फिरणं हे वर्षभर चालूच असतं, त्यामुळे ह्या विषयावर वाचलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं दोन्ही सांगता येईल.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं, की बघताना आपल्या मेंदूत दोन वेगवेगळी कामं चालतात. एक काम फक्त एवढंच सांगतं की समोर हलतंय ते जिवंत आहे, आणि ते कुठल्या बाजूला चाललंय. दुसरं काम सांगतं की ते कोण आहे, काय करतंय, कुठल्या मूडमध्ये आहे. पहिलं खूप जुनं आहे, जन्मतःच येतं, आणि पिल्लू, बाळ, कुत्रा ह्या सगळ्यांत त्याच्या खुणा सापडतात. दुसरं बरंचसं सवयीने, बघून बघून पक्कं होतं. भाऊ ओळखणं हे दुसऱ्यात मोडतं, पिल्लाचं कोंबडीमागे लागणं पहिल्यात सुरू होतं.

आता हे कळलं कसं ते बघू. स्वीडनमध्ये उप्साला विद्यापीठात गुन्नार योहान्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९७३ साली एक अगदी साधा प्रयोग छापला. माणसाच्या सांध्यांवर, म्हणजे घोटे, गुडघे, कंबर, मनगटं, कोपरं, खांदे अशा दहा-बारा ठिकाणी चमकणारे ठिपके लावले आणि शूटिंग असं केलं की फिल्मवर ठिपके सोडून बाकी काहीच दिसू नये, सगळा काळोख. माणूस स्थिर असेल तर बघणाऱ्याला नुसते विखुरलेले ठिपके दिसतात, काही अर्थ लागत नाही. पण तो एक पाऊल चालला रे चालला की बघणारा लगेच म्हणतो, "माणूस चालतोय." विचार करावा लागत नाही, जोडाजोड करावी लागत नाही. नंतर १९७६ मध्ये त्यांनी वेळ मोजली तर सेकंदाचा पाचवा हिस्सा एवढी छोटी झलक सुद्धा लोकांना पुरत होती. त्यांच्या जवळपास नव्वद वर्षं आधी पॅरिसमध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी पण माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर चमकत्या पट्ट्या लावून फोटो काढले होते, पण त्यांना शरीर कसं हलतं ते बघायचं होतं. योहान्सननी प्रश्न उलटा फिरवला, की बघणाऱ्याच्या आत काय होतं?

हा प्रयोग घरी करता येतो आणि मी सगळ्यांना सांगतो की एकदा कराच, वाचून जे कळत नाही ते दोन मिनिटांत कळतं. गाड्यांना नंबर प्लेट आणि स्टिकर लावणाऱ्यांच्या दुकानात रेडियमची पट्टी मिळते, ती बोटभर लांबीची कापून काळ्या ट्रॅक पॅन्टवर आणि काळ्या फुल शर्टवर सांध्यांच्या जागी चिकटवायची, खोली अंधारी करायची, मोबाईलचा फ्लॅश चालू ठेवून व्हिडिओ काढायचा. फ्लॅश कॅमेऱ्याच्या अगदी बाजूला असतो म्हणून रेडियमवरून उजेड सरळ परत येतो आणि ठिपके लखलखीत दिसतात, बाकीचा माणूस जवळजवळ गायब होतो, थोडा दिसलाच तर एडिटिंगमध्ये ब्राइटनेस कमी करायचा. आमच्या वर्गात एक मुलगी अशी खुर्चीवर बसलेली होती आणि स्क्रीनवर बघणाऱ्या मुलांना काय आहे ते सांगता येईना, कोणी म्हणे पणत्या, कोणी म्हणे काजवे, आणि ती नुसती उठून उभी राहिली तर सगळा वर्ग एकदम ओरडला. मग तिला आधी रिकामी आणि नंतर पाण्याने भरलेली कळशी उचलायला लावली. कळशी स्क्रीनवर दिसतच नाही, फक्त तिचे ठिपके दिसतात, पण भरलेली कोणती ते मुलांनी बरोबर सांगितलं, कारण वजन उचलायच्या आधीच कंबर आणि गुडघे वेगळी तयारी करतात. हे सुद्धा स्वीडनमध्येच रुनेसन आणि फ्रीखोल्म यांनी १९८१ मध्ये नीट तपासलेलं आहे, ठिपके बघून लोक उचललेल्या पेटीच्या वजनाचा चांगला अंदाज करतात.

मग तोच व्हिडिओ उलटा करून दाखवा, डोकं खाली पाय वर. ठिपके तेच, वेग तोच, तरी माणूस पटकन दिसत नाही, दिसला तरी काहीतरी विचित्र लटकल्यासारखं वाटतं. जपानच्या सुमी यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं, आणि माझ्या मते ह्या अख्ख्या विषयाची किल्ली इथेच आहे. उलटं केल्यावर बिघडतं म्हणजे डोळा नुसता आकार शोधत नाही, वर आणि खाली, म्हणजेच गुरुत्वाकर्षण, ह्याच्याशी त्याचा काहीतरी पक्का हिशोब आहे.

तो हिशोब निकोलाउस त्रोये आणि कॉर्ड वेस्टहॉफ यांनी २००६ मध्ये उलगडला. त्यांनी ठिपक्यांच्या जागाच बदलून टाकल्या, म्हणजे पायाचा ठिपका भलतीकडे, खांद्याचा भलतीकडे, माणसाचा आकार पूर्ण मोडलेला, पण प्रत्येक ठिपका स्वतःपुरता हलतो तसाच हलू दिला. आणि लोकांना विचारलं, हे कुठल्या दिशेला चाललंय? आकार नसताना सुद्धा लोक दिशा बरोबर सांगत होते. मग उलटं करून दाखवलं तर जमेना. शेवटी कळलं की सगळी खरी माहिती पायांच्या ठिपक्यांत आहे, नुसते पायांचे ठिपके उलटे केले तरी दिशा सांगणं बिघडतं. पाऊल उचललं जातं, पुढे झोकलं जातं आणि आपल्या वजनाने खाली पडतं, ते पडणं कसं असतं हे पृथ्वीवर ठरलेलं आहे. झाडाची फांदी तशी पडत नाही, पाण्यातला कचरा तसा हलत नाही, वाऱ्याने उडणारी प्लास्टिकची पिशवी तशी पडत नाही. जमिनीवर पाय टाकून चालणारं जे काही आहे, कोंबडी असो, मांजर असो, माणूस असो, त्याच्या पावलाला ही सही असतेच. त्रोये आणि वेस्टहॉफ यांनी सुचवलं की आपल्यात एक "जीव ओळखणारी" यंत्रणा आहे आणि ती आधी पायांकडे बघते.

ह्याच्याशी जोडलेली अजून एक भारी गोष्ट म्हणजे आकारमान. पाय हा बराचसा लोलकासारखा झुलतो, आणि लांब लोलक हळू झुलतो, आखूड पटापट. म्हणून उंदीर तुरुतुरु आणि हत्ती संथ. योकिश आणि त्रोये यांनी २००३ मध्ये चालणाऱ्या कुत्र्यांचे ठिपके दाखवून बघितलं, स्क्रीनवर सगळे एकाच मापाचे केलेले, तरी पावलांच्या गतीवरून बघणारे कुत्रा मोठा की छोटा ते सांगत होते. सिनेमावाले हे फार आधीपासून वापरतात, छोट्या मॉडेलचं शूटिंग जास्त स्पीडने करून मग सावकाश दाखवलं की ते अवाढव्य वाटतं. आणि आपल्याकडे शिगम्यात घोडेमोडणी बघताना मला नेहमी हेच आठवतं. कंबरेला बांधलेला घोडा, त्याला पाय नाहीतच, पाय नाचणाऱ्या माणसाचे आहेत, पण ताशाच्या ठेक्यावर त्याची पावलं आणि घोड्याची मान अशी काही एकत्र उसळते की लांबून घोडाच झुलताना दिसतो. चांगला घोडेमोडणीवाला आणि नवशिका ह्यांत फरक कशाने पडतो ते बघा कधी, माझ्या बघण्यात तो सगळा पावलांत असतो, घोडा किती सजवलाय त्याच्यात नसतो.

आता पिल्लं. इटलीत जॉर्जो वालोर्तिगारा, लुसिया रेगोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कोंबडीची अशी पिल्लं घेतली जी अंधारात उबवलेली होती, म्हणजे त्यांनी आयुष्यात कधी काही चालताना बघितलेलंच नव्हतं. त्यांना एका बाजूला चालत्या कोंबडीचे ठिपके दाखवले आणि दुसऱ्या बाजूला तसेच ठिपके पण निर्जीव पद्धतीने हलणारे. पिल्लं जिवंत हालचालीकडे गेली. इथपर्यंत ठीक, पण ठिपके मांजराचे असले तरी ती तिकडेच गेली! कोंबडी आणि मांजर ह्यांत त्यांनी फरक केला नाही. म्हणजे पिल्लाला जन्मतः "आई" माहीत नसते, "पाय टाकत चालणारं जिवंत काहीतरी" एवढंच माहीत असतं. गावठी कोंबडी अंड्यांवर बसते तेव्हा पिल्लासमोर पहिलं जिवंत हलणारं बहुतेक वेळा तीच असते, म्हणून तेवढं माहीत असणं पुरतं, आणि मग थोड्याच वेळात तिचं रूप त्याच्या मनात पक्कं बसतं. जन्मजात यंत्रणा फक्त नजर योग्य जागी नेऊन ठेवते, बाकीचं शिकणं तिथून पुढे होतं. इन्क्युबेटरमधलं पिल्लू माणसाच्या पायामागे धावतं त्याचंही कारण हेच.

माणसाच्या बाळाचं पण असंच निघालं. फ्रांचेस्का सिमियन, रेगोलिन आणि बुल्फ यांनी २००८ मध्ये जेमतेम दोन दिवसांच्या बाळांना ठिपके दाखवले, आणि ते ठिपके माणसाचे सुद्धा नव्हते, चालत्या कोंबडीचेच होते. बाळं जिवंत हालचालीकडे जास्त वेळ बघत होती, आणि सुलट ठिपक्यांकडे उलट्यांपेक्षा जास्त. दोन दिवसांच्या बाळाने कोंबडी कुठे बघितली असणार?

इथे एक गोष्ट जरा काळजीने सांगावीशी वाटते कारण पालक हे वाचतात. अमेरिकेत अमी क्लिन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ऑटिझम असलेल्या दोन वर्षांच्या मुलांना असे ठिपके दाखवले, तेव्हा इतर मुलांसारखा सुलट माणसाकडे त्यांचा ओढा दिसला नाही, आवाज आणि हालचाल एकाच क्षणी जुळते तिथे, जसं टाळी वाजते तिथे, मात्र ती मुलं लक्ष देत होती. ही महत्त्वाची माहिती आहे, पण मोठ्या मुलांवर आणि प्रौढांवर झालेल्या अभ्यासांचे निकाल इतके सरळ नाहीत, बऱ्याच जणांना ठिपक्यांतला माणूस व्यवस्थित दिसतो. म्हणून कृपा करून मोबाईलवर व्हिडिओ लावून घरी बाळाची परीक्षा घेऊ नका. शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लवकर दाखवा, त्याच्यात काही कमीपणा नाही.

मेंदूत हे कुठे होतं तर कानाच्या वर थोडं मागे, टेम्पोरल लोबच्या वरच्या घडीच्या मागच्या भागात, माणसाच्या हालचालीने हा भाग खास जागा होतो. आणि साधी हालचाल बघायचा भाग वेगळा आहे. म्युनिकमध्ये त्सील आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एका बाईंबद्दल लिहिलं, मेंदूला इजा झाल्यामुळे त्यांना हालचालच दिसत नव्हती, कपात चहा ओतताना तो गोठल्यासारखा दिसायचा आणि कप भरून सांडेपर्यंत कळायचं नाही, रस्त्यावरची गाडी आधी लांब आणि मग एकदम अंगावर. पण १९९६ च्या अभ्यासात त्याच बाईंना ठिपक्यांचा माणूस दाखवला तर तो काय करतोय ते त्या सांगू शकल्या. अवतीभवती दुसरे ठिपके टाकले की मात्र जमेना. म्हणजे माणसाची हालचाल ओळखायला मेंदूत एकाहून जास्त वाटा आहेत, एक बंद पडली तरी दुसरी थोडंफार काम करते.

आपल्या देशातलं उदाहरण तर मला फार मोलाचं वाटतं. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटमध्ये जन्मतः दोन्ही डोळ्यांत दाट मोतीबिंदू असलेल्या आणि पुढे ऑपरेशन झालेल्या लोकांवर जर्मन संशोधकांबरोबर काम झालं, २०१५ मध्ये ते छापून आलं. सुरुवातीची वर्षं नजरच नसलेल्या ह्या लोकांना नंतर चेहरे ओळखणं अशा कितीतरी गोष्टी जड जातात, पण ठिपक्यांतला चालणारा माणूस ओळखणं त्यांना जमतं. लहानपणी बघायला न मिळाल्याने जे बिघडतं त्याच्यातून ही क्षमता वाचते. उपजत की शिकलेलं ह्या प्रश्नावर पिल्लांनंतर मला सर्वात जास्त पटणारा पुरावा हाच.

मग भावाला ओळखणं? इथे जरा जपून. कटिंग आणि कोझलोव्स्की यांनी १९७७ मध्ये एकमेकांचे मित्र असलेल्या सहा जणांचे ठिपके करून ओळखायला लावलं. नुसता अंदाज ठोकला तर १७ टक्के बरोबर यायला हवे होते, आले ३८ टक्के. म्हणजे चालीत ओळख आहे हे नक्की, पण तुम्हाला वाटते तेवढी खात्री नुसत्या चालीतून येत नाही. वाड्यावर तुम्हाला वेळ माहीत असते, तो बसमधून उतरून ह्याच वाटेने येणार हे माहीत असतं, चपलेचा आवाज असतो, उंची असते, पिशवी कुठल्या हाताला असते ते असतं, आणि हे सगळं मेंदू चालीबरोबर मिसळून देतो, आपल्याला मात्र वाटतं की चालीवरूनच ओळखलं. दुसऱ्या गावी अचानक तोच भाऊ अंधारात समोर आला तर बऱ्याचदा पटकन ओळखत नाही, करून बघा. आणि एक मजेशीर निकाल, २००५ मध्ये लूला आणि मॅगी शिफ्रार यांच्या गटाने बघितलं की ठिपक्यांवरून माणूस स्वतःला मित्रांपेक्षा सुद्धा चांगला ओळखतो. आपण स्वतःला बाहेरून चालताना क्वचितच बघतो, तरी ओळखतो, म्हणजे आपलं शरीर जसं हलतं तो अनुभव पण बघण्यात वापरला जातो असं दिसतं.

कुत्र्याचं विचारलंत. कुत्र्याची बारीक बघायची नजर आपल्यापेक्षा कमी, पण हलणारं त्याला फार लांबून दिसतं. पोलीस कुत्र्यांवरचा एक जुना अभ्यास आहे, १९३६ चा, त्याच्यात सर्वात तीक्ष्ण नजरेच्या कुत्र्यांना हलणारा माणूस ८१० ते ९०० मीटरवरून कळत होता आणि तोच माणूस स्थिर उभा असेल तर ५८५ मीटर किंवा त्याहून जवळ आल्यावरच. ठिपक्यांचे प्रयोग कुत्र्यांवर पण झालेत, पादुआ विद्यापीठात २०१९ मध्ये दिसलं की कुत्र्याला ठिपके ओढतात ते एकेका ठिपक्याच्या हलण्यामुळे, अख्ख्या आकारामुळे नाही. म्हणजे ते पहिलं, जुनं काम त्याच्यात चांगलंच जागं आहे. "कोण" हे ठरवायला मात्र त्याच्याकडे नाक आहे, कान आहे. म्हणून तुमचा कुत्रा रात्री तुमच्याच माणसावर आधी भुंकतो आणि वारा त्याच्या बाजूला वळला की शेपूट हलवतो, त्याला आधी "कोणीतरी आहे" कळतं आणि "आपला आहे" मागून.

बाकी प्राण्यांत तर प्रत्येकाने हा प्रश्न आपापल्या गरजेप्रमाणे सोडवलाय. पावसाळ्यात शेतातला बेडूक घ्या, त्याच्या डोळ्याच्या पडद्यातच अशा पेशी आहेत ज्या छोटा काळा हलणारा ठिपका आला की चेततात, लेटविन आणि सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये हे दाखवलं आणि लिहिलं की न हलणारं अन्न सगळीकडे पडलेलं असलं तरी बेडूक उपाशी मरेल. भेक, म्हणजे तो खरखरीत पाठीचा, त्याच्यावर जर्मनीत योर्ग-पेटर एव्हर्ट यांनी काम केलं, काळी पट्टी लांबीच्या दिशेने सरकवली तर तो किडा समजून झडप घालतो, तीच पट्टी उभी धरून त्याच दिशेने सरकवली तर ढुंकून बघत नाही किंवा दबकून बसतो. पट्टी तीच, वेग तोच, फक्त हलण्याची दिशा बदलली की अन्नाचं अन्न राहत नाही.

खेकड्यांचं तुम्ही स्वतः जाऊन बघू शकता. चोडणला फेरीबोटीतून उतरून ओहोटीच्या वेळी खारफुटीच्या कडेला चिखलावर जा, एक नांगी भलीमोठी असलेले छोटे खेकडे दिसतील, नर ती नांगी वर-खाली हलवत असतात. लांब उभे राहिलात तर शंभरएक बिळांच्या तोंडाशी सगळा कारभार चालू असतो. आता हात सावकाश डोक्याच्या वर न्या, जवळचे सगळे क्षणात बिळात. मग खाली बसा, अगदी चिखलाला टेकून, आणि हात जमिनीलगत तेवढाच हलवा, तर ते इतक्या सहजी पळत नाहीत. त्यांचे डोळे देठांवर असतात आणि क्षितिजाच्या रेषेशी जुळवून धरलेले असतात, रेषेच्या वर जे हलतं ते शत्रू, म्हणजे घार किंवा बगळा, आणि खाली हलतं ते दुसरा खेकडा. मायकल लँड आणि जॉन लेन यांनी १९९५ मध्ये हे तपासून लिहिलं. शरीर कसं हलतं ह्याचा बारीक हिशोब करायची गरजच नाही, रेषेच्या वर की खाली एवढ्यावर जीव वाचतो. माझे विद्यार्थी ह्या एका चिखलाच्या पट्ट्यावर जेवढं शिकतात तेवढं वर्गात महिनाभर शिकवून होत नाही.

आणि घरातल्या भिंतीवर उड्या मारणारा तो छोटा कोळी, त्याला आठ डोळे, समोरचे दोन मोठे बारीक बघण्यासाठी आणि बाजूचे हालचाल टिपण्यासाठी. मास्सिमो दे आग्रो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा कोळ्यांना एका हलक्या गोल चेंडूवर धरून ठिपके दाखवले. त्यांना जिवंत आणि निर्जीव हालचालीतला फरक कळत होता, फक्त ते वळत होते ते विचित्र, निर्जीव हालचालीकडे. पिल्लाच्या अगदी उलट! संशोधकांचं म्हणणं असं की बाजूच्या डोळ्यांना जे ओळखीचं वाटतं त्याच्याकडे वळायची गरज नाही, जे कळलं नाही ते बघायला तो मोठे डोळे तिकडे वळवतो. एवढ्याशा मेंदूत हे होतं हे वाचून मी कितीतरी दिवस खूष होतो.

जिथे बघणारे एवढे तयार, तिथे लपणारेही तयार होणारच. कुळागरात पोफळीच्या बागेत हरणटोळ हिरव्या वेलीसारखा पडलेला असतो, तो पुढे सरकताना डुलत डुलत सरकतो. मध्य अमेरिकेतल्या अशाच वेलीसारख्या सापावर फ्लाइशमन यांनी १९८५ मध्ये लिहिलं की वारा आला की तो त्याच्याबरोबर डुलत पुढे जातो. हालचाल लपवता येत नाही, मग ती पानांच्या हालचालीत मिसळायची. याउलट ज्याला दिसायचंय त्याची अडचण. ऑस्ट्रेलियात पीटर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवलं की वारा वाढून झुडपं हलायला लागली की तिथला एक सरडा शेपटीचा इशारा जास्त वेळ करत राहतो, नाहीतर तो कोणाला दिसणारच नाही. रानात प्राणी बघायचा असेल तर मी मुलांना हेच सांगतो की आकार शोधू नका, एका जागी बसा, नजर सैल सोडा, अख्खं झाड वाऱ्याने हलत असताना वेगळ्या तालात काय हलतंय तेवढं बघा. मोलेंला शेकरू अशीच सापडते.

शेवटी एक कामाची गोष्ट, आणि ही मी अगदी कळकळीने लिहितोय. रात्री रस्त्याने चालणारे आपल्याकडे खूप आहेत, पहाटे फिरायला जाणारे, शिफ्टवरून येणारे, आषाढीला पायी पंढरपूरला जाणारे वारकरी. ऑस्ट्रेलियात जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये इतर रहदारी बंद ठेवलेल्या ट्रॅकवर ड्रायव्हरना गाडी चालवायला लावून बघितलं. काळे कपडे, डीम लाईट आणि समोरून दुसऱ्या गाडीचा झोत, अशा वेळी फक्त ५ टक्के पादचारी ओळखले गेले. तेच सांध्यांवर चमकत्या पट्ट्या असतील आणि समोरून झोत नसेल तर १०० टक्के. नुसतं छातीवर चमकतं जॅकेट घातलं तर त्याचा उपयोग कमी, कारण छाती चालताना फारशी हलतच नाही, ड्रायव्हरला एक चमकता तुकडा दिसतो, तो मैलाचा दगड आहे की बोर्ड आहे की माणूस ते कळेपर्यंत गाडी जवळ येते. घोटा आणि गुडघा हलताना दिसला की ड्रायव्हरचा मेंदू विचार न करता "माणूस" म्हणतो आणि पाय ब्रेककडे जातो.

म्हणून रेडियमची पट्टी घ्या, साधी चिकटपट्टी धुतल्यावर निघते म्हणून कापडावर शिवता येते ती मिळाली तर उत्तम, आणि दोन्ही घोट्यांना आणि दोन्ही गुडघ्यांना अख्खी गोल गुंडाळा म्हणजे पुढून मागून बाजूने सगळीकडून दिसेल, जमलं तर मनगटांना पण. धोतर किंवा साडी असेल तर गुडघा झाकला जातो, तेव्हा घोटा आणि मनगट तरी सोडू नका. पावसात रेनकोट घालून चालणार असाल तर पट्टी रेनकोटच्या वरून लावा, आत लावून काही दिसत नाही. आणि लावल्यावर घरातल्या कोणाला तरी गाडी किंवा स्कूटरची हेडलाईट लावून लांबून बघायला सांगा, पाय हलताना ठिपके वर-खाली होताना दिसले पाहिजेत, नसतील दिसत तर पट्टी थोडी खाली सरकवा.